शनिवारच्या नळ्या

लाळ गोळा करणे हे माझं काम आहे, असं मी नव्या ओळखीत सहसा सांगत नाही. 'केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत आहे' एवढं म्हटलं की दिल्लीत लोकांचं समाधान होतं. इथे निम्मं शहर केंद्र सरकारच्या कशात ना कशात असतंच. पण खरं काम तेच. सराव शिबिराला आलेल्या धावपटू मुली शनिवारी सकाळी सहाला माझ्यासमोर रांगेत बसतात, मान खाली घालतात आणि तोंडात साठलेली लाळ छोट्या प्लास्टिकच्या नळीत पडू देतात. थुंकायचं नाही, आपोआप ओघळू द्यायची. त्याआधी दात घासायचे नाहीत, काही खायचं नाही. चिंचेचा विचारसुद्धा करायचा नाही, कारण तोंडाला पाणी सुटलं की लाळ पातळ होते आणि आकडा बिघडतो. मुली हमखास एकमेकींच्या कानात 'इमली, इमली' करतात. मी डोळे वटारले की गप्प होतात. माझ्यामागे मला खडूस मॅडम म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता.

त्या लाळेतून आम्ही दोन गोष्टी मोजतो. एक कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरावर ताण आला की वाढणारं संप्रेरक. दुसरं, जंतूंना तोंडाच्या दारातच अडवणारं एक प्रतिद्रव्य. महिन्यातून एकदा रक्त घेऊन पांढऱ्या पेशीही मोजतो. माणूस जीव तोडून पळाला की पुढचे काही तास रक्तातल्या या राखणदार पेशी कमी होतात, आमच्या कॉलनीचा गार्ड दुपारी जेवायला जातो तसं. जेवून परत आला तर काही बिघडत नाही. पण सराव वाढत गेला आणि त्या मानाने झोप आणि विश्रांती मिळाली नाही, तर तो गार्ड परत येईनासा होतो. बाहेरून हे कळत नाही. मुलगी पळत असते, कधीकधी चांगली वेळही देत असते. म्हणून शनिवार. पाच दिवसांचा सराव अंगावर असताना, सहाव्या दिवशीची मोठी धाव सुरू होण्याआधी शरीर कुठवर थकलंय ते बघायचं. शनिवारी दुपारपासून सुट्टी लागते. सोमवारी सकाळी सगळ्यांचेच आकडे थोडेफार बरे दिसतात, त्यामुळे सोमवारच्या नमुन्याचा आम्हाला उपयोग नसतो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

ती ऑक्टोबरात आली. जतजवळच्या गावातली, एकवीस वर्षांची, पाच हजार मीटर पळणारी. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. पहिल्या शनिवारी रांगेत तिची पाळी आल्यावर तिने अडखळत्या हिंदीत विचारलं की हे थुंक किती व्हायला पाहिजे. मी नेहमीच्या चिडक्या आवाजात, पण मराठीत म्हणाले की अर्धी नळी भरली की पुरे, आणि थुंकायचं नाही. तिने मान वर केली.

"तुम्ही आपल्याकडच्या व्हय?"

त्या 'आपल्याकडच्या'ने माझा घात केला असं आता मी म्हणू शकते, पण त्या वेळी मला फक्त बरं वाटलं. सव्वीस वर्षं मी दिल्लीत आहे. नवरा मंत्रालयात, त्याचं मराठी फायलींच्या भाषेने निम्मं खाल्लं आहे. मुलगा गुरुग्रामला आयटी कंपनीत आहे. पंधरा दिवसांतून एकदा येतो, "मम्मी, बिल्कुल टाइम नाहीये यार" म्हणतो आणि जेवून जातो. कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, हे त्याला माहीत नाही, आणि त्याला विचारावं असंही वाटत नाही. दिवाळीत होस्टेलची मेस रिकामी झाली तेव्हा मी त्या मुलीला घरी बोलावलं. ती आली, ओट्यापाशी उभी राहिली, झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, कोरड्यास कसलं केलंय?" मला तिथल्या तिथे रडू आलं. कांदा चिरत होते, म्हणून निभावलं.

तेव्हापासून ती दर शनिवारी दुपारी होस्टेलची परवानगी काढून मेट्रोने यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. आमचं घर रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्या जंगल राखलेल्या टेकडीच्या, कडेला आहे, हिंदूराव रुग्णालयाच्या उतारापासून जवळच. ती आली की आधी जेवायची आणि मग झोपायची. अशी झोपायची की घरात दोनदा मिक्सर फिरला तरी कूस बदलायची नाही. रविवारी उन्हं कलताना आम्ही रिजवर चालायला जायचो. हा हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरकडून आलेला मराठा सरदार, त्याची हवेली इथे होती, हे मी तिला सांगितलं. ती हसून म्हणाली की म्हणजे हितं आदीपास्नं आपलीच माणसं हायत.

नोव्हेंबरच्या शेवटी दिल्लीची हवा विषारी झाली आणि सराव कधी मैदानावर, कधी आत यंत्रावर असा चालू झाला. त्याच सुमारास लागोपाठ दोन शनिवारी तिचे आकडे वाईट आले. ताणाचं संप्रेरक चढलेलं, प्रतिद्रव्य खाली. मी तक्ता कोचकडे पाठवला. कोच हरियाणाचा, पन्नाशीचा, बोलायला रांगडा पण आकड्यांना मान देणारा माणूस. त्याने लगेच तिचा सराव कमी केला आणि तिला सांगितलं की तिसऱ्यांदा असं आलं तर तीन आठवडे घरी जाऊन आराम करायचा. माझ्या मते तो बरोबर होता. आजही माझं मत तेच आहे.

त्याच शनिवारी ती घरी आली. डायनिंग टेबलवर मटारचा ढीग होता, आम्ही दोघी सोलत बसलो होतो. तिने मान वर न करता विचारलं.

"मावशी, माझं तेवढं सोमवारी घ्या की."

मी नाही म्हणाले. नियम नियमासारखा असतो, मी कुणासाठी मोडत नाही, हेही ऐकवलं. तिने हुज्जत घातली नाही. शेंगा सोलत सोलत गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. तेव्हा ती दुसऱ्या शहरातल्या कँपला होती, तिथूनही तिला असंच तीन आठवड्यांसाठी घरी धाडलं होतं. ती कँपला निघाली तेव्हा गावाने चौकात तिचा मोठा फ्लेक्स लावला होता, आमदारापासून सगळ्यांचे फोटो घालून. ती परत आली तेव्हा तो फ्लेक्स अजून तिथेच होता. तीन आठवडे झाले, सहा झाले, बोलावणं आलंच नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. रोज सकाळी पळायला जाताना स्वतःच्या फोटोखालून जावं लागायचं. शेवटी वडिलांनीच एका सकाळी शिडी लावून तो काढला आणि आगारात नेऊन गाडीखाली झोपायला अंथरला. हे सांगताना ती हसत होती. आता परत पाठवलं तर तिसरा चान्स नाही, वय निघून जाईल, एवढंच शेवटी म्हणाली.

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. मी ते आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं.

पुढच्या शनिवारी ती रांगेत बसली. कोच दारात उभा होता, त्यामुळे सगळ्यांसारखा तिनेही नमुना दिला. नळी माझ्या हातात देताना एकदाच वर पाहिलं. मी नळीवर चिठ्ठी लावली, तारीख लिहिली आणि ती इतर नळ्यांच्या रॅकमध्ये न ठेवता फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, कोपऱ्यातल्या एका डब्यात टाकली. सोमवारी सराव सुरू होण्याआधी तिला प्रयोगशाळेत बोलावून दुसरा नमुना घेतला. तपासणीला तो गेला.

नमुना टाकून द्यायला माझा हात होत नाही, शिळी पोळी टाकायला होत नाही तसाच. म्हणून ती शनिवारची नळी राहिली. मग दुसऱ्या शनिवारची, मग तिसऱ्या. डब्यात एकामागून एक अकरा नळ्या झाल्या.

मी खोटं काही लिहिलं नाही, ही माझी त्या वेळची पळवाट. माझ्या रजिस्टरमध्ये नमुन्याची तारीख सोमवारचीच आहे. पण कोचकडे जाणाऱ्या तक्त्यात फक्त आठवड्याचा क्रमांक असतो. तारीख कुणी विचारत नाही, कारण तारीख शनिवारचीच असणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. महिन्याच्या रक्तात पेशी अजून मर्यादेतच येत होत्या. शिवाय मी स्वतःची समजूत घातली होती. बाकीच्या मुली रविवारी होस्टेलवर कपडे धुतात, मोबाइलवर जागतात. हिला माझ्या घरी खरी विश्रांती मिळते, घरचं जेवण मिळतं. म्हणजे हिचं शरीर खरंच भरून येत असणार. सोमवारचा तिचा आकडा पाहून मला समाधान वाटायचं. माझ्या वरणभाताचं ते प्रमाणपत्र आहे असं वाटायचं. पन्नाशी उलटलेली, विज्ञान शिकलेली बाई मी, आणि ही माझी अक्कल.

आकडे सुधारलेले पाहून कोच खूश झाला. जानेवारीपासून त्याने तिचा सराव वाढवला. आधी थोडा, मग पुन्हा थोडा.

खरं तर यंत्राची गरजच नव्हती. काखेत कळसा होता. संक्रांतीला दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते, तिथे मी तिला सोबत नेलं. जाताना ती सगळा रस्ता माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. स्मारकासमोर दुपारच्या चांगल्या उन्हात उभी राहून कुडकुडत होती. मी माझी शाल तिच्या अंगावर टाकली. कुणीतरी तिळाची वडी दिली ती तिने तोंडात धरली आणि हळूच काढून रुमालात ठेवली. तोंड आलं होतं, आत सगळे फोड. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं की ही तुमची कोण. भाची, असं मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मलाच आश्चर्य वाटलं. देशासाठी पळते, असंही वर जोडलं.

दोन महिने पाळी आली नव्हती, हेही तिने मला सांगितलं होतं. मी काय केलं? आळिवाचे लाडू केले. डबाभर करून होस्टेलवर दिले. जे काम मी पगार घेऊन करते, त्यात अशा लक्षणांची यादी भिंतीवर लावलेली आहे, हिंदीत आणि इंग्रजीत. मी रोज तिच्याखाली बसते. घरी आल्यावर मात्र मी मावशी होते, आणि मावशीला लाडू सुचतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका रविवारी आम्ही रिजवर गेलो तेव्हा हिंदूरावच्या चढावर ती मागे पडली. माझे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. मी वर पोचून वळून पाहिलं तर ही पाच हजार मीटर पळणारी मुलगी कमरेवर हात ठेवून खाली उभी होती, धापा टाकत. मी तिला चिडवलं, की कोच बघेल तर तुझ्याऐवजी मला पळवेल. ती हसली. हवा खराब आहे असं म्हणाली, आणि हवा खराब होतीच. दिल्लीत हे एक फार सोयीचं आहे, काहीही झालं तरी हवेवर ढकलता येतं.

महिन्याच्या शेवटी मंगळवारी चाचणी शर्यत होती. उन्हाळ्यातल्या स्पर्धांना कोण जाणार ते त्यावर ठरायचं होतं. आदल्या रविवारी सकाळी मी तिला उठवायला गेले तर कपाळ गरम लागलं. ती म्हणाली की रजईमुळे असेल. थर्मामीटर लावला, ताप होता. मी काढा दिला, गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं की मंगळवारी पळायचं नाही, तापात पळणं जिवाशी खेळ असतो. तिने होकार दिला आणि कोचला मीच सांगते, तुम्ही फोन करू नका, असं म्हणाली. मी फोन केला नाही. तिने सांगितलं नाही. सोमवारी नमुना द्यायला आली तेव्हा गोळी घेऊनच आली असणार, कपाळ थंड होतं. मी विचारलं, बरं वाटतंय का. लई बरं वाटतंय, म्हणाली.

मंगळवारी ती पळाली आणि सातव्या फेरीत पडली.

कोचचा फोन आला तेव्हा मी नळ्या लावत होते. रुग्णालयात पोचले तोवर तिला आत नेलं होतं. तापाच्या विषाणूने हृदयाच्या स्नायूंना सूज आली होती. पहिले तीन दिवस काय होईल ते कुणी सांगत नव्हतं. बाहेरच्या बाकावर कोच माझ्याशेजारी बसला होता, हात गुडघ्यांमध्ये धरून. त्याने माझ्यावर ठपका ठेवला नाही. न समजणाऱ्या माणसाच्या आवाजात एवढंच म्हणाला, "मैडम, मैंने तो आपके नंबर देखकर ही लोड बढ़ाया था।"

मी पाणी आणायला म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी पोचले. दिल्लीत पहिल्यांदाच आलेले. आमच्याकडेच उतरवलं. रात्रंदिवस रुग्णालयात बसायचे आणि आंघोळीला घरी यायचे, तेवढ्या वेळातही हात गप्प नसायचे. आमचं गॅलरीचं दार गेली कित्येक वर्षं फरशीवर घासत होतं, ते त्यांनी बिजागरं काढून सरळ केलं. त्यांना भाकरी मिळावी म्हणून नवरा एकदा त्यांना कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात जेवायला घेऊन गेला. तिथून ते अर्धी भाकरी आणि पिठलं कागदात बांधून मुलीसाठी घेऊन आले. तिला अजून नळीतून अन्न चाललं होतं. ते पुडकं त्यांनी तिच्या उशाशी ठेवलं आणि नर्सने काढायला सांगेपर्यंत तसंच राहू दिलं.

मला ते वहिनी म्हणायचे. पोरीचं नशीब थोर, परमुलखात मावशी मिळाली, हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. दर वेळी मी दुसरीकडे बघितलं.

ती वाचली. डॉक्टरांनी मला आणि तिच्या वडिलांना बसवून सांगितलं की हृदयावर व्रण राहिला आहे. चालेल, काम करेल, पुढेमागे संसारही करेल, पण शर्यतीत पळणं संपलं. हा विषाणू कुणालाही गाठू शकतो, असंही ते म्हणाले. खरं आहे, गाठू शकतो. कित्येक दिवस मी त्या एका वाक्याला धरून होते.

मग मी आमच्या वरिष्ठांकडे गेले आणि सगळं सांगितलं, मटारच्या शेंगांपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रजिस्टर मागवलं, तारखा पाहिल्या. तारखा खऱ्या आहेत, मग प्रश्न काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. नमुना दोन दिवस उशिरा घेतला, कार्यपद्धतीत थोडा फरक झाला, तशी टिप्पणी लिहून ठेवा. मी टिप्पणी लिहिली. ती फायलीत लागली. मला कुणी रागावलं नाही. कुणीतरी रागवावं म्हणून मी गेले होते, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

फ्रीझरमधला डबा उरला होता. आमच्या तपासणीच्या एका ताटलीत बरेच लहान लहान खळगे असतात. मुलींचे नमुने भरून झाले की काही रिकामे राहतात. मार्चच्या मध्यावर एका बुधवारी त्या रिकाम्या खळग्यांत मी तिच्या अकरा शनिवारच्या नळ्यांतली लाळ भरली. आकडे यायला संध्याकाळ झाली. एका कागदावर मी दोन रकाने आखले. डावीकडे तिचे शनिवार, उजवीकडे तिचे सोमवार. उजवीकडची ओळ जवळजवळ सपाट होती. डावीकडे प्रतिद्रव्य आठवड्यागणिक पायरी पायरीने खाली उतरत गेलं होतं आणि ताणाचं संप्रेरक तसंच वर. शेवटच्या दोन शनिवारी तर तोंडाच्या दारात राखणीला जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. ज्याला आकडे वाचता येतात अशा कुणालाही दिसलं असतं. कोचला पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. तिसरा वाईट शनिवार होता तो. त्याने तिला घरी पाठवलं असतं. तिने मला कदाचित जन्मभर माफ केलं नसतं, आणि आज ती कुठल्यातरी मैदानावर पळत असती.

विषाणू कुणालाही गाठू शकतो, हे वाक्य मी त्या संध्याकाळी सोडून दिलं.

दोन आठवड्यांनी ती वडिलांबरोबर गावी निघाली. आम्ही निजामुद्दीन स्टेशनला सोडायला गेलो. गाडी लागलेली होती, सुटायला अजून अवकाश होता. ती खिडकीपाशी बसली, अंग निम्मं झालेलं, मनगटावर सुयांचे डाग. माझा नवरा सामान लावत होता, वडील पाण्याची बाटली भरायला खाली उतरले. मी तिच्यासमोर बसले आणि पर्समधून तो कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. काय आहे ते सांगितलं. शनिवारच्या नळ्या मी टाकल्या नव्हत्या हे तिला माहीत नव्हतं. सांगताना माझा आवाज स्थिर होता. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

तिने डावीकडच्या रकान्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश. सरावाच्या वेळा वाचतात तसं तिने ते वाचलं. पहिल्या आकड्यावर परत येऊन बोट थांबलं.

"म्हणजे पैल्याच शनिवारी कळलं असतं."

मी हो म्हणाले.

तिने खिडकीतून वडील कुठे आहेत ते पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बोलेल, आणि दोन्हींची माझी तयारी होती. माझं चुकलं, असं मी म्हणाले. ते इतकं अपुरं होतं की म्हटल्यावर लाज वाटली.

"मी आदी दुसऱ्या मॅडमना इचारलं होतं," ती म्हणाली. "रक्त घेत्यात त्या. त्या सरळ न्हाई म्हणाल्या. मग तुमाला इचारलं. मला म्हाईत होतं, तुमी न्हाई म्हणायच्या न्हाईत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घडलं तसं ती सांगत होती. मग तिने कागदाची घडी घातली, नखाने दाबून पक्की केली, आणि माझ्या हातात परत दिली.

"आबांना दाखवू नका. त्यास्नी वाटतंय, दिल्लीत माझं कुणीतरी होतं."

वडील बाटली घेऊन डब्यात चढत होते. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि त्यांना बसायला जागा करून दिली.